परसातला अनोळखी पक्षी खुणांवरून कसा ओळखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यात घरामागे बहुधा एक कडुनिंब असतो, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ नाहीतर पपई असते, गुरांचा कोठा असतो आणि काटेरी कुपापलीकडे लगेच कुणाचे तरी वावर सुरू होते. पक्ष्यांना एवढे पुष्कळ झाले. म्हणून चिमणी, कावळा, साळुंकी यांच्यापलीकडचा एखादा पक्षी तिथे येतोच, आणि "हा कोणता बरे?" असे होते. अंगावरच्या खुणा वाचून त्याचे उत्तर कसे काढायचे, ते इथे सांगितले आहे.

अनोळखी पक्षी समोर बसला आहे. सगळ्यात आधी काय पाहू?

रंग सोडून बाकी सगळे. आधी तो केवढा आहे ते, मग चोच, मग शेपटी, मग अंगावर ठळक खूण कुठे आहे ते, आणि शेवटी त्या खुणेचा रंग. पक्षी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबेलच असे नाही, म्हणून हा क्रम पाठ असावा.

"लाल रंगाचा पक्षी होता" असे सांगणाऱ्याला कुणीही मदत करू शकत नाही. लालबुड्या बुलबुलाचा लाल शेपटीखाली असतो, तांबटाचा कपाळावर आणि छातीवर, सोनपाठी सुताराचा माथ्यावर, टिटवीचा डोळ्यापुढच्या मांसल लोंबत्या भागावर. चौघांत लाल आहे आणि चौघे एकमेकांच्या जवळपासही दिसत नाहीत. लाल *कुठे* होता एवढे सांगितले की निम्मे काम झाले.

रंगाला शेवटी ठेवण्याचे आणखी एक कारण म्हणजे ऊन. सूर्य पक्ष्याच्या मागे असला की हिरवा तांबटसुद्धा काळा दिसतो. संध्याकाळच्या उन्हात करडा होला गुलाबी वाटतो. चोचीचा आकार मात्र कोणत्याही उजेडात बदलत नाही.

आकार कसा सांगायचा? सेंटिमीटरचा अंदाज येत नाही.

सेंटिमीटर नकोच. रोजचे पाच पक्षी हेच माप धरा: चिमणी (सुमारे १५ सेंमी), बुलबुल (२०), साळुंकी (२३ ते २५), पारवा (३३) आणि गावकावळा (४० च्या आसपास). "बुलबुलापेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा" ही नोंद "सहा-सात इंच" यापेक्षा जास्त भरवशाची. आसपास दुसरा पक्षी नसेल तर वस्तूशी तुलना करा. नऊ इंची वीट म्हणजे जवळजवळ साळुंकी.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पुस्तकातले माप चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे असते. टकाचोर पुस्तकात कावळ्यापेक्षा लांब दिसतो, पण त्यातली निम्म्याहून जास्त लांबी शेपटीची. धड साळुंकीच्या जवळपासचे. दुसरी चूक थंडीतली. पहाटे पक्षी पिसे फुलवून बसतो आणि दीडपट दिसतो. ऊन चढल्यावर तोच पक्षी पुन्हा पाहा.

खूण नेमकी कुठे आहे हे सांगायला अंगाच्या भागांना काय म्हणायचे?

माणसाच्या चेहऱ्याचेच शब्द चालतात. डोळ्यावरून जाणारी फिकट रेघ म्हणजे भुवई. चोचीपासून डोळ्यातून मागे जाणारी गडद रेघ म्हणजे नेत्ररेषा. हळद्याला ती काळी असते, आणि खाटकाला तर इतकी रुंद की तोंडावर फडके बांधल्यासारखे दिसते. डोळ्याभोवतीचे वर्तुळ वेगळे लिहा. चष्मेवाल्याला तिथे पांढरी पिसे असतात, साळुंकीला मात्र ती पिवळी उघडी कातडी असते.

त्यानंतर कपाळ, माथा, कंठ, छाती, पोट. मिटलेल्या पंखावरची आडवी फिकट पट्टी ती पंखपट्टी. सुभग नावाच्या पिवळ्या-हिरव्या लहान पक्ष्याला काळ्या पंखावर अशा पांढऱ्या पट्ट्या असतात. पाठ संपून शेपटी सुरू होण्याआधीचा भाग म्हणजे कंबर, आणि शेपटीच्या मुळाशी खालून दिसते ते बूड. या दोन जागा बसलेल्या पक्ष्यात सहसा नीट दिसत नाहीत, उडताना दिसतात, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. बुलबुलाचे बूड लाल असते हे ठाऊक असते, पण तो उडून जाताना कंबर पांढरी चमकते हे फारसे कुणी पाहिलेले नसते. पाठमोऱ्या बुलबुलाला ओळखायला तीच खूण कामाची.

नोंद कशी लिहावी?

पक्षी उडाल्याबरोबर, पुस्तक किंवा मोबाईल उघडायच्या *आधी*. चित्र पाहिले की मन चित्रातल्या खुणा आपण पाहिल्या असे मानू लागते. हे सगळ्यांचे होते, अनुभवी माणसांचेही.

डिसेंबरातली एक नोंद नमुना म्हणून पाहा:

"सकाळी साडेसात. कोठ्याच्या दगडी भिंतीवर. चिमणीएवढा, पण सडपातळ. चोच बारीक, काळी. वरून-खालून मातकट. भुवई नाही, पंखपट्टी नाही. शेपटी विटकरी, मधली पिसे गडद. बसला की शेपटी थरथरते, मध्येच पुढे झुकतो. शेणाजवळ किडा टिपून परत त्याच दगडावर."

आता ही नोंद वाचू. चोच बारीक, म्हणजे किडे खाणारा. दाणे फोडणाऱ्या चिमण्या आणि मुनिया बाद. मातकट अंग आणि शेपटीकडे विटकरी रंग असे परसात दोन पक्षी असतात: चिरकाची मादी आणि कृष्ण थिरथिऱ्याची मादी. चिरकाची शेपटी काळपट असते, विटकरी रंग फक्त तिच्या खाली बुडाशी असतो, आणि ती शेपटी पाठीवर उभी करून धरते. थिरथिऱ्याची शेपटीच विटकरी असते आणि ती थरथरते. नावही त्यावरूनच पडले. शिवाय महिना डिसेंबर, आणि थिरथिरा हिवाळी पाहुणा. ही कृष्ण थिरथिऱ्याची मादी. नुसते "मातकट पक्षी, मागे लालसर" असे लिहिले असते तर चिरक की थिरथिरा हे कधीच सुटले नसते.

चिमणीसारखाच दिसतो, पण चिमणी वाटत नाही. काय असेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चूकही इथेच सगळ्यात जास्त होते.

आधी चिमणीची मादी नीट पाहून ठेवा: पाठीवर गडद रेघा, खालची बाजू साधी मळकट, डोळ्यामागे फिकट भुवई. नराचा कंठ काळा आणि माथा राखी. ही जोडी डोळ्यात बसली की वेगळा पक्षी आपोआप टोचतो.

पावसाळ्याबाहेरची सुगरण चिमणीच्या मादीशी सर्रास गफलत करवते. जून-जुलैत नराचा माथा पिवळाधमक असतो तेव्हा अडचण नसते. विणीचा हंगाम संपला की तो मादीसारखाच पिवळसर-मातकट होतो. तेव्हा चोच पाहा. सुगरणीची चोच बुडाशी जाड, शंकूसारखी, आणि शेपटी आखूड. चिमणी घराला चिकटून राहते; सुगरणींचा थवा ज्वारीच्या कणसांवर किंवा धानाच्या बांधीत उतरतो.

झाडावरच बसणारी, पाठीवर एकही रेघ नसलेली, चिमणीपेक्षा नाजूक चोचीची "चिमणी" दिसली तर ती रानचिमणी. पंखावर दोन फिकट पट्ट्या आणि नराच्या खांद्यावर तांबूस डाग असतो. कंठाखालचा पिवळा ठिपका समोरून पाहिल्याशिवाय दिसत नाही. सालिम अली लहानपणी पक्ष्यांकडे वळले ते याच पक्ष्यामुळे. ती मोहाच्या, बाभळीच्या ढोलीत घरटे करते. घराच्या वळचणीला नाही.

वावरातल्या ढेकळांत चिमणीएवढा पक्षी चालत असेल, उड्या मारत नसेल, आणि त्याचे पोट काळे, माथा राखी असेल तर तो डोंबारी. हवेत वर जाऊन कोलांट्या घेत खाली येतो म्हणून हे नाव. त्याची मादी साधी मातकट असते, तिच्यासाठी नर जवळ येईपर्यंत थांबावे.

चिमणीहून स्पष्ट लहान, थव्याने गवताच्या काडीवर झुलणाऱ्या असतील तर मुनिया. चोच चांदीसारखी राखी, शेपटी काळी टोकदार: चांदीचोची मुनिया. कंठ तपकिरी आणि पोटावर माशाच्या खवल्यांची नक्षी: ठिपकेवाली मुनिया. हिची पिल्ले मोठी झाली तरी काही काळ नुसती तपकिरी असतात, खवले नसतात. ती एकटी दिसली तर नाव देण्याची घाई नको.

सगळे होले मला सारखेच दिसतात.

मान पाहा, फक्त मान. मानेच्या मागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असले तर ठिपकेवाला होला. मानेच्या मागे नुसती एक बारीक काळी अर्धी कडी असली तर कंठेरी होला, नाहीतर लाल होला. कंठेरी फिकट वाळूच्या रंगाचा आणि पारव्याच्या जवळ जाणारा; लाल होला साळुंकीएवढा, नराचे डोके राखी आणि पाठ मद्याच्या रंगाची. मानेच्या मागे काहीच नाही, पण समोर गळ्याखाली तांबूस-काळी चौकटीची नक्षी असली तर छोटा तपकिरी होला. अंगणात दाणे टिपायला येतो तो बहुतेक वेळा हाच.

पिल्लांच्या मानेवर यातले काहीही नसते. अशा वेळी सोबत असलेल्या मोठ्या होल्याची मान पाहावी.

काळा पक्षी. इतके काळे पक्षी आहेत, कसे ठरवू?

लहानापासून मोठ्याकडे जा. चिमणीहून लहान, बाकदार बारीक चोच, जास्वंदीवर लटकतोय: जांभळ्या शिंजिराचा नर. उन्हात त्याचा काळा रंग निळा-जांभळा झळकतो.

चिमणीएवढा, पंखावर पांढरा डाग असलेला काळा पक्षी दोनपैकी एक असतो आणि इथे घोटाळा होतो. शेपटी उभी, तिच्याखाली विटकरी रंग, जमिनीवर धावतोय: चिरकाचा नर. शेपटी उभी नाही, कंबर आणि बूड पांढरे, तुराटीच्या टोकावर किंवा तारेवर बसून खाली झेप घेतोय: कवडा गप्पीदास.

बुलबुलाएवढा, वर काळा, पोट पांढरे, पंखावर लांब पांढरी पट्टी: दयाळ. मादी काळ्याऐवजी राखी असते.

शेपटी लांब आणि टोकाला खोल दुभंगलेली: कोतवाल. डवरणी चालू असते तेव्हा बैलांच्या मागे उडणारे किडे टिपतो. जवळून पाहिले तर चोचीच्या कोपऱ्याशी एक बारीक पांढरा ठिपका दिसतो. त्याच्या पिल्लाच्या पोटावर पांढरट खवले असतात आणि शेपटी तितकी दुभंगलेली नसते. त्याला लोक दुसराच कोतवाल समजतात.

कावळ्याएवढा पण शेपटी लांब, डोळा लाल, चोच फिकट हिरवट: कोकीळ नर. आणि अंग काळे पण पंख विटकरी, चाल जड, कुपाच्या बुडातून फिरणारा: भारद्वाज.

शिक्रा आहे की पावशा? दोघेही कबुतराएवढे, राखी, पोटावर पट्ट्या.

दोघांच्या साम्यात काही योगायोग नाही. पावशाची उडण्याची ढबसुद्धा शिक्र्यासारखी असते: चार-पाच वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचे, आणि फांदीवर बसताना वर झेपावायचे. लहान पक्षी त्याला शिक्रा समजून ओरडतात. त्यामुळे "सगळे पक्षी घाबरून ओरडले, म्हणजे शिक्राच" हे अनुमान चालत नाही.

चोच पाहा. शिक्र्याची आखूड, खाली वळलेली, मांस फाडणारी आकडी. पावशाची जवळजवळ सरळ, हिरवट-पिवळी, टोक काळे. मग पाय: शिक्र्याचे लांब, मजबूत, नख्या स्पष्ट, पावशाचे आखूड, फांदीवर नीट दिसतही नाहीत. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते. बसण्यातही फरक आहे. शिक्रा ताठ, छाती पुढे काढून बसतो. पावशा थोडा आडवा, पंख शेपटीच्या बाजूंना सैल सोडून.

पोटावरच्या खुणांचा भरवसा मात्र धरू नका. दोघांच्याही पिल्लांच्या पोटावर आडव्या पट्ट्यांऐवजी गडद ठिपके आणि थेंबासारख्या उभ्या खुणा असतात. उन्हाळा सरताना "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" ऐकू आले तर प्रश्नच मिटला.

याला जोडून: सातभाई आपल्याहून मोठ्या, शिक्र्यासारख्या दिसणाऱ्या पिल्लाला किडे भरवताना दिसले तर ते पावशाचे पिल्लू. पावशा आणि चातक दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात.

नर ओळखतो, पण मादी आली की गोंधळ होतो.

कारण बहुतेकांनी मादी पाहिलेली असते, पण ती तिच्या नावाने नाही. कोकीळेची मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि शेपटीवर आडवे पट्टे; तिला पुष्कळ लोक ससाण्याच्या जातीचा पक्षी मानतात. हळद्याची मादी हिरवट पिवळी आणि छातीवर बारीक उभ्या रेघा. पोपटाच्या मादीला गळ्यात कंठी नसते, पण लहान नरालाही नसते. नराची कंठी सुमारे तिसऱ्या वर्षी पूर्ण होते. म्हणून कंठी नाही एवढ्यावरून मादी ठरवू नये.

शिंजिराचे तर नरच दोन वेषांत असतात. विणीचा हंगाम सरला की काळा नर मादीसारखा पिवळा-मातकट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा उरतो. हा पट्टा दिसला तर ती तिसरी जात नव्हे, तो तोच जांभळ्या शिंजिराचा नर.

बसला होता तेव्हा मातकट होता, उडाला आणि निळा झाला. असे कसे?

तो नीलकंठ. दसऱ्याला ज्याचे दर्शन घ्यायचे, तोच. तारेवर पंख मिटून बसला की तपकिरी छाती आणि मोठे डोके एवढेच दिसते. पंख उघडले की गडद आणि फिकट निळ्या रंगाचे पट्टे उलगडतात.

काही खुणा पंखांत दडलेल्याच असतात. बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठचा वंचक बगळा मातीसारखा मातकट असतो, उडाला की पांढराशुभ्र. साळुंकीच्या पंखात उडताना मोठा पांढरा चांदवा दिसतो. पक्षी उडाला की "गेला" म्हणून नजर काढू नका; तो क्षणच कित्येकदा उत्तर देतो.

डोक्यावर तुरा, लांब चोच, आम्ही त्याला सुतार म्हणतो. बरोबर आहे का?

तो हुदहुद. जमिनीत लांब वाकडी चोच खुपसून अळ्या काढतो, पंखांवर काळे-पांढरे पट्टे असतात, आणि खाली उतरताना तुरा पंख्यासारखा उघडतो. सुतार खोडावर उभा चढतो, शेपटीचा टेका घेतो आणि छिन्नीसारख्या सरळ चोचीने ठोकतो. आपल्याकडे दोन सुतार सहज दिसतात: पाठ सोनेरी असलेला सोनपाठी सुतार, आणि बुलबुलाहून थोडा लहान, माथा पिवळसर व पोटावर लाल डाग असलेला मराठा सुतार.

गावागावात नाव बदलते, त्यात चूक काही नाही. राघू म्हटले की कुठे पोपट समजतात, कुठे वेडा राघू. गावातले नाव नोंदीत जरूर लिहा, फक्त त्यासोबत खुणा लिहा.

पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाही. नवीन जात सापडली का?

बहुधा ओळखीचाच पक्षी वेगळ्या अवस्थेत असतो. पावसाळ्याच्या शेवटी साळुंकीचे डोके कधी पूर्ण टकले, पिवळ्या कातडीचे दिसते. पिसे बदलताना किंवा पिसांतल्या बारीक किड्यांमुळे असे होते, पुढे पिसे परत येतात. शेपटी नसलेला बुलबुल मांजरीच्या तावडीतून सुटलेला असू शकतो. मुळापासून उपटलेली पिसे काही आठवड्यांत उगवतात. मधूनच तुटलेली मात्र पुढच्या पीसगळतीपर्यंत तशीच राहतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलली की बुलबुल, साळुंकी, शिंजीर यांच्या कपाळावर पिवळे परागकण माखतात आणि "पिवळ्या कपाळाचा बुलबुल" दिसल्याचे सांगितले जाते. अर्धवट पांढरी चिमणी किंवा पांढरा कावळा जन्मतः रंगद्रव्य कमी असल्याने होतो. डोळे नेहमीच्या रंगाचे असतात. पूर्ण पांढरा आणि डोळे गुलाबी असतील तर रंगद्रव्य अजिबात नाही. अशा वेळी रंग विसरून चोच, आकार, चाल आणि आवाज यांवर जा. आणि तो कोणाबरोबर फिरतो ते पाहा; पांढरी चिमणी चिमण्यांतच असते.

महिन्याचा ओळखीशी काय संबंध?

फार मोठा. ऑक्टोबर ते मार्च थिरथिरा आणि पाहुणे धोबी परसात येतात. बारमाही राहतो तो पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी. ज्वारीवर आणि पुढे पळसावर उतरणारे गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे थवे भोरड्यांचे. पिल्ले मातकट असल्याने एकाच थव्यात दोन रंग दिसतात. जूनमध्ये काळा-पांढरा, तुरेवाला, पंखावर पांढरा डाग असलेला चातक येतो.

मे अखेर ते जून कधी सकाळी ओसरीवर किंवा खिडकीखाली बुलबुलाएवढा, जवळजवळ बिनशेपटीचा, रंगीबेरंगी पक्षी थकून बसलेला सापडतो: डोळ्यातून रुंद काळी पट्टी, पाठ हिरवी, बूड लालभडक. तो नवरंग. रात्री प्रवास करतो आणि भिंतीला, काचेला धडकतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोके पाडून अंधारात, शांत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. सावध झाला की झाडीजवळ सोडा. पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

सुरुवात करायला महाराष्ट्रातला पक्षी सप्ताह चांगला, ५ ते १२ नोव्हेंबर: मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांमधला आठवडा. तोवर पाहुणे आलेले असतात.

मोबाईलने फोटो काढला, नुसता काळा ठिपका येतो.

सूर्य आपल्या पाठीशी घ्या. स्क्रीनवर पक्ष्याला बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवा, म्हणजे आभाळ पांढरे पडेल पण पक्ष्याच्या खुणा दिसतील. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या. नंतर थांबवून शेपटी, पंख, कंबर पाहता येते. पहिला फोटो लांबूनच काढा, मग एकेक पाऊल पुढे. दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ घ्या. आठपट मोठे दिसते, आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून कडुनिंबाच्या सावलीतही पुरेसा उजेड येतो. दहापटीची हातात हलते.

ॲपवर विसंबावे का?

मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मोफत ॲप आहे. भारताचा पॅक तालुक्याच्या ठिकाणी चांगले नेटवर्क असताना एकदा उतरवून घेतला की गावात नेट नसतानाही चालते. ते ठिकाण, तारीख, आकार, रंग आणि पक्षी काय करत होता हे विचारते आणि शक्यता दाखवते. त्या शक्यता आपल्या नोंदीशी ताडून पाहायच्या. धूसर फोटोवर ते शिक्रा आणि पावशा यांत गडबडू शकते, म्हणून चोच आपणच पाहावी. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत तो घरटे सोडून भांडायला येतो.

संध्याकाळी तारेवर बसणारे छोटे घुबड कोणते? घरच्यांना भीती वाटते.

तो पिंगळा. साळुंकीहून थोडा लहान, माथ्यावर दाट पांढरे ठिपके, डोळे पिवळे. किडे आणि उंदीर खातो, त्याने कुणाचे काही वाईट होत नाही. कोठ्यात राहणारे, पांढऱ्या बदामी आकाराच्या चेहऱ्याचे मोठे घुबड म्हणजे गव्हाणी घुबड; धान्याच्या घरात याहून चांगला उंदीर पकडणारा नाही.

मेळघाटालगतच्या गावात, सागाच्या जंगलात, भर दिवसा पिंगळा दिसला तर माथा नीट पाहा. माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतील तर तो रानपिंगळा असू शकतो. १८८४ नंतर हा पक्षी नाहीसा झाला असे मानत होते. १९९७ मध्ये तो महाराष्ट्रातच पुन्हा सापडला. फोटो काढा, जवळ जाऊ नका, वनरक्षकाला सांगा.

पिल्लू खाली पडले आहे. कशाचे ते कसे कळेल?

चोचीच्या कोपऱ्यांना मऊ पिवळी कड असली की ते पिल्लू. पिसे आलेले, आखूड शेपटीचे, उड्या मारणारे असेल तर ते घरट्यातून निघाले आहे. मांजरीपासून दूर झुडपावर ठेवा आणि लांबून थांबा. अन्न घेऊन कोण येते ते पाहिले की जात कळली. कावळा येऊन कावळ्यासारखे नसलेले पिल्लू भरवत असेल तर ते कोकीळेचे. उघडे पिल्लू घरट्यात परत ठेवता येते. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून आईबाप टाकतात हे खरे नाही. पोपट किंवा मुनियाचे पिल्लू पाळायला ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

पक्षी जवळ यावा आणि खुणा नीट दिसाव्यात यासाठी काय करता येईल?

उथळ मातीचे भांडे, पाणी चार-पाच सेंटिमीटरच, मध्ये एक खडबडीत दगड. झुडपापासून साधारण सहा-सात फूट दूर ठेवा, म्हणजे मांजर दबा धरून झडप घालू शकत नाही आणि पक्ष्याला पळायला आडोसाही मिळतो. पाणी रोज बदला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की सकाळी आणि चारनंतर सगळा परस तिथे येतो. पक्षी पाणी प्यायला वाकतो तेव्हा कंबर दिसते, अंघोळ करतो तेव्हा पंखातल्या पट्ट्या. ओल्या पिसांचा रंग मात्र गडद दिसतो, तेव्हा रंग तो वाळल्यावर लिहा.

दोन नावांवर अडकलो आहे, काय लिहू?

दोन्ही लिहा, आणि त्यांच्यात फरक करणारी एकच खूण त्याखाली लिहा: "चिरक मादी की थिरथिरा मादी. शेपटी काळी की विटकरी, पाहायचे आहे." परसातले पक्षी ठरावीक वेळी ठरावीक जागी येतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच भिंतीकडे, सूर्य पाठीशी घेऊन बसा आणि फक्त शेपटी पाहा.